मेथीला टाळ्या, चोचीला ‘उपयोग काय?’

खाडीकाठ (सीवूड्स)

रविवारी सकाळी आमच्या चालणाऱ्या मंडळींत एक वाद झाला आणि अर्धवटच राहिला, म्हणून इथे चर्चेला मांडतोय. शुभांशु शुक्ला यांनी जुलै २०२५ मध्ये अंतराळ स्थानकात मेथी आणि मूग रुजवले होते, त्यावर सगळे भरभरून बोलले. मग मी म्हटलं, त्याच वर्षी मे महिन्यात फ्लेमिंगोंवरही फार सुंदर संशोधन आलंय. लगेच प्रश्न आला, “त्याचा उपयोग काय?” मेथीला हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता.

संशोधन थोडक्यात सांगतो. फ्लेमिंगो चोच उलटी बुडवून पाणी गाळतो, एवढंच आपण शाळेपासून ऐकत आलो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे व्हिक्टर ओर्तेगा-हिमेनेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॅशव्हिलच्या प्राणिसंग्रहालयातल्या चिलियन फ्लेमिंगोंचं बारकाईने चित्रण केलं. पायाची आणि चोचीची प्रतिकृती थ्रीडी प्रिंटरवर बनवून ती पाण्यात चालवून पाहिली. तेव्हा कळलं की हा पक्षी नुसता गाळत नाही, सापळा लावतो. पाय आपटून तळाचा गाळ भोवऱ्यात उचलतो. बुडवलेलं डोकं सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर वेगाने वर खेचतो, त्यामागे पाण्यात छोटी वावटळ उठते आणि बारीक जीव तिच्यात अडकतात. शिवाय चोच सेकंदाला साधारण १२ वेळा उघडते-मिटते.

माझं म्हणणं एवढंच. आपल्या ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून २०१५ मध्ये दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, पण आपले पक्षी जेवतात कसे हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? पाम बीच रस्त्यामागचं एक तळं मध्यंतरी भरतीच्या पाण्याची वाट बुजल्यामुळे सुकलं होतं. मी रोज सकाळी जात होतो. कडेचा चिखल भेगाळून खपल्या धरलेल्या, मध्ये घोट्याएवढं हिरवं पाणी आणि त्यात दाटीने उभे राहिलेले पक्षी. लोक म्हणायचे, “आहे की पाणी!” पाय आपटून भोवरा उठवायचा तर वर वीतभर पाणी आणि खाली मऊ गाळ, दोन्ही लागतं. हे एकदा डोक्यात बसलं की “आहे की पाणी” असं तोंडातून निघत नाही. चोचीचा अभ्यास मला त्यासाठी हवा आहे.

तिसरा टप्पा (माजिवडा, ठाणे)

काका, टाळ्या मेथीला नव्हत्याच. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रावर उतरताना चांद्रयान-२ च्या विक्रमचा संपर्क तुटला तेव्हा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये निम्मी बिल्डिंग जागी होती. कोणी काही न बोलता खुर्च्या आवरून घरी गेलं. मग २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी चांद्रयान-३ चा विक्रम उतरला तेव्हा त्याच हॉलमध्ये त्याच माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. लोकांनी अपयशही बघितलंय आणि यशही. अंतराळाला तारीख असते, उलटी मोजणी असते. फ्लेमिंगोच्या चोचीत असा क्षण कुठे आहे?

आणि उपयोगाचंच बोलायचं तर ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार हा उपग्रह गेला. त्याचं रडार रात्री बघतं, ढगांतून बघतं, दर १२ दिवसांनी पृथ्वीवरच्या जवळपास सगळ्या जमिनीची आणि बर्फाची नोंद घेतं. जमीन कुठे खचतेय हे सेंटिमीटरमध्ये सांगतं, पाणथळ जागा आणि झाडोरा कसा बदलतोय तेही दाखवतं. पावसाळ्यात आपल्या खाडीवर चार महिने ढग असतात, तेव्हा कांदळवनावर नजर ठेवायला दुसरं काय आहे? पैसा मोजकाच असेल तर मी तो तिकडे टाकीन. चोचीच्या अभ्यासाने भराव थांबत नाही.

प्रयोगवही (कोपरी)

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि माझा आक्षेप वेगळा आहे. काका, तुम्ही घाईने जोडणी केलीत. तो अभ्यास चिलियन फ्लेमिंगोंचा. आपल्या खाडीत येणारे फ्लेमिंगो म्हणजे रोहित, त्यांतले बहुतेक लहान रोहित या जातीचे, त्यांच्याबरोबर थोडे मोठे रोहित. चिलियन आणि मोठा रोहित तळाचे बारीक प्राणी धरतात. लहान रोहितच्या चोचीतली गाळणी फार बारीक विणीची असते, तो मुख्यतः सूक्ष्म शेवाळ खातो आणि तेही बरंचसं पृष्ठभागाजवळचं. तुमचा ‘वीतभर पाणी, मऊ गाळ’ हा हिशोब मोठ्या रोहितला लागू पडेलही, पण लहान रोहितला तो तसाच लावता येत नाही.

हे सोडून देण्यासारखं नाही. खाडीत सांडपाणी येतं, त्यातल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ माजतं आणि रोहित इतक्या मोठ्या संख्येने येण्यामागे हेही कारण असावं, असं पक्षी अभ्यासक म्हणत आलेत. म्हणजे उद्या पाणी स्वच्छ झालं तर पक्षी वाढतील की घटतील? वर्गात मुलं हा प्रश्न विचारतात तेव्हा मला सरळ उत्तर देता येत नाही. परदेशातल्या बातमीवरून आपल्या तळ्याचा निष्कर्ष काढला की समोरचा अधिकारी एका वाक्यात तो खोडून काढतो आणि आपली बाजू पडते.

सेक्टर सोळा

उपग्रह पाठवा नाहीतर चोच मोजा, बुजलेली पाण्याची वाट मोकळी करायला यातलं काहीच लागत नाही. एक जेसीबी आणि एक सही लागते. गेली कित्येक वर्षं आम्ही सहीसाठीच फिरतोय. कशामुळे नुकसान होतंय हे सगळ्यांना दिसतं. अजून अभ्यास हवा म्हणणं म्हणजे समोरच्याला अजून एक वर्ष देणं.

वाशीगावकर

आम्ही खाडीत जाणारी माणसं, म्हणून निवट्यांचं, म्हणजे चिखलावर येऊन बसणाऱ्या माशांचं सांगतो. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचं संशोधन आलं की निवटी डोळे मिचकावते. तिला पापणी नाही. ती डोळा खोबणीत आत ओढते आणि त्यावर खालचा पातळ पडदा चढतो. डोळा ओला ठेवायला, साफ करायला आणि इजेपासून वाचवायला. आपण मिचकावतो त्याच तीन कारणांसाठी. पाण्यातून जमिनीवर आलेल्या पहिल्या प्राण्यांचे डोळे कसे बदलले असतील, याचा धागा त्यांना तिथे सापडला.

ओहोटीला चिखलावर बसलेली निवटी डोळा आत घेते आणि बाहेर काढते, हे माझ्या आजीला ठाऊक होतं. त्यावरून ती पोरांना सांगायची की डोळा आत गेला की हात टाक. पण हे का होतं, ते तिला कोणी विचारलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. म्हणून मला ‘उपयोग काय’ हा प्रश्न टोचतो. सेक्टर सोळा, तुमची सही मिळायलाच पाहिजे, मी येतो तुमच्याबरोबर. पण आमच्या चिखलात शिकण्यासारखं काही आहे हे जगाने मान्य केलं, तर त्या चिखलाला पडीक जागा म्हणणं जरा अवघड जाईल.

खाडीकाठ

ताई, चूक मान्य. लहान रोहितचा आहार मी विसरलो नव्हतो, पण बातमीच्या भरात दोन्ही एकच धरले. सूक्ष्म शेवाळाचा मुद्दा माझ्या मूळ म्हणण्याला बळच देतो असं मला वाटतं. आपल्या जातीवर, आपल्या खाडीत असा अभ्यास व्हायला हवा.

तिसरा टप्पा, क्षण कुठे आहे असं विचारलंत. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर रात्री ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची एक मादी अंडी घालायला आली. तिच्या पुढच्या वल्ह्याला धातूची पट्टी होती, आकडा ०३२३३. ती पट्टी मार्च २०२१ मध्ये ओडिशात बसवलेली होती. पूर्वेचं कासव पश्चिमेला येऊन अंडी घालतं! तिने १२० अंडी घातली आणि १०७ पिल्लं समुद्रात गेली. पट्टीवरचा आकडा टॉर्चच्या उजेडात वाचणाऱ्या माणसाचा क्षण विक्रम उतरण्यापेक्षा लहान होता असं मी म्हणणार नाही. फरक एवढाच की तो थेट प्रक्षेपणात नव्हता.

तिसरा टप्पा

काका, ही बातमी मला माहीत नव्हती. मला ती फार आवडली. पण तुमच्या उदाहरणातच माझं उत्तर आहे. पट्टीने दोन टोकं सांगितली, मधल्या जवळपास चार वर्षांत ती कुठे होती ते नाही सांगितलं. २०२३ मध्ये गुहागरहून ‘बागेश्री’ नावाची मादी उपग्रह टॅग लावून सोडली, ती दक्षिणेला श्रीलंकेकडे वळून बंगालच्या उपसागरात गेली, हे आपण जवळपास रोजच्या रोज बघत होतो. उपग्रह नसता तर ती वाट दिसलीच नसती. म्हणून आधी आकाशात गुंतवणूक, तिचा फायदा प्राण्यांनाही होतो. या क्रमावर मी ठाम आहे.

वाशीगावकर

क्रम ठीक, पण टॅग लावायला कासवाजवळ रात्रभर बसणारा माणूस लागतो दादा. त्याचा पगार कुठल्या खात्यातून निघतो तेही बघा.

प्रयोगवही

आज ओहोटीला नववीच्या सहा मुलांना घेऊन ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने गेले. वीस मिनिटं बोट बंद करून नुसतं बघितलं. लहान रोहितांचा थवा एका दिशेने चालत होता, चोच पाण्याच्या पृष्ठभागावर डावी-उजवी फिरवत, गवत कापल्यासारखी. त्यांतल्या एकानेही पाय आपटलेला आम्हाला दिसला नाही. थव्याच्या कडेला एक मोठा रोहित होता. तो डोकं पाण्यात घालून एकाच जागी पाय मारत स्वतःभोवती फिरत होता आणि त्याच्याभोवती गढूळ पाण्याचं कडं उठत होतं. एका मुलाने आणि एका मुलीने त्याच्या फेऱ्या मोजल्या. येताना दोघांचं वाजलं, कारण एकाचे आकडे अकरा होते आणि दुसरीचे नऊ.

पुढच्या शनिवारी पुन्हा जातोय. काका, तुमची दुर्बीण लागेल, शाळेची एकच आहे.