मेंदूत कुलूप आहे, म्हणून भांग त्याची किल्ली?

काठावरचा:
शिवरात्रीपासून आमच्या घरच्या ग्रुपवर एक ढकलपत्र फिरतंय: ‘भांगेसाठी मेंदूत देवानेच खास रिसेप्टर ठेवलेत, मग ती वाईट कशी?’ अर्धं खरं आहे, म्हणून जास्त चिडचिड होते.

रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची रसायनं ओळखणारी कुलपं, आहेत. त्यातल्या सीबी-१ नावाच्या रिसेप्टरचा जनुक १९९० मध्ये हाती लागला. पण तो भांगेची वाट बघत बसलेला नाही. १९९२ मध्ये जेरुसलेमला रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून त्याची घरचीच किल्ली सापडली. तिचं नाव आनंदामाइड, आपल्या ‘आनंद’वरून. पुढे टू-एजी नावाची दुसरीही मिळाली.

त्यांचं काम पंगतीसारखं समजा. एक चेतापेशी वाढपी, दुसरी जेवणारी. वाढपी रसायन वाढतो, पानावर ते पडतं. फार झालं की जेवणारा पानावर हात आडवा धरतो. तो हात म्हणजे टू-एजी. तो आधी बनवून साठवलेला नसतो. ऐनवेळी पेशीच्या पापुद्र्यातल्या स्निग्ध पदार्थातून तयार होतो आणि उलट्या दिशेने वाढप्याकडे जातो. वाढप्याच्या टोकावरचा सीबी-१ तो ओळखतो, कॅल्शियमची आवक आवळतो, वाढणं थांबतं. थोड्या वेळात एन्झाइम टू-एजी मोडून टाकतात आणि पंगत पुढे चालू. हे उलटं टपाल २००१ मध्ये स्पष्ट झालं.

भांगेतलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं रसायन, काय करतं? ती परकी किल्ली, म्हणून वाईटच: उपाशी पानांसमोरच्या वाढप्यांनाही ‘पुरे’ सांगत सुटतं, तेही तासन्‌तास.

इंदूरी_जिरावण:
पंगत झकास. निष्कर्ष नाही पटला. आमच्याकडे भांगेची परवानाधारक दुकानं आहेत, उज्जैनला महाकालाचा भांगेने शृंगार होतो. माझ्या आजोबांनी आयुष्यभर गोळी घेतली, नव्वदीतही हिशेबाची वही स्वतः लिहायचे.

आणि परकी किल्ली म्हणजे वाईट, हे कुठून आणलंत? अफूतलं मॉर्फिनही परकंच, तरी ऑपरेशननंतर देतातच ना? उलट अफूचा अतिरेक श्वास बंद पाडतो; मेंदूच्या देठात श्वास चालवणाऱ्या भागात सीबी-१ फारच विरळ, म्हणून भांगेचं तसं होत नाही.

दुसरी बाजूही बघा. सीबी-१ ला टाळं लावणारी रिमोनाबॅन्ट नावाची गोळी लठ्ठपणासाठी २००६ मध्ये युरोपात आली. वजन उतरलं, पण लोक उदास व्हायला लागले, आत्महत्येचे विचार यायला लागले. २००८ मध्ये बाजारातून काढली. म्हणजे या रिसेप्टरला डिवचणं नव्हे, गप्प करणं महागात पडलं!

ताकभात:
धागा विज्ञानाचा की ठंडाईचा? 😀

रात्रपाळी:
श्वासाचं तुमचं बरोबर, जिरावण. पण होळीच्या रात्री कॅज्युअल्टीत बसून बघा. गेल्या खेपेला एक तरुण आला, नाडी १३०. दर दोन मिनिटांनी भावाला विचारायचा, ‘मी श्वास घेतोय ना?’ उत्तर ऐकायचा, विसरायचा, पुन्हा तेच. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात सीबी-१ ची दाटी असते, नवी आठवण तिथेच धरली जाते. भांगेच्या पहिल्या ग्लासाने तासभर काहीच झालं नाही म्हणून त्याने दुसरा घेतला होता. खाल्लेली भांग उशिरा चढते, हे कोणी सांगत नाही.

एकाला शांत वाटतं आणि दुसऱ्याला धाप लागते, तेही समजण्यासारखं आहे. सीबी-१ दोन्ही वाढप्यांवर असतो: पेशीला चेतवणाऱ्या ग्लुटामेटच्या आणि तिला आवरणाऱ्या गॅबाच्या. आवरणाऱ्यालाच थांबवलंत तर पेशी मोकाट सुटते.

काठावरचा:
मॉर्फिनचा मुद्दा मान्य. ‘परकी म्हणून वाईट’ हे मी मागे घेतो. पण मॉर्फिन मिलिग्रॅममध्ये मोजून देतात, भांगेची गोळी वळणाऱ्याच्या बोटांच्या अंदाजाने. रिमोनाबॅन्ट तर माझ्याच बाजूची साक्षीदार आहे: घरचा हात दिवसभर हलका हलका चालू असतो, तो अडवला तर माणूस बिघडतो. टीएचसी रोज घेणाऱ्यांच्या स्कॅनमध्ये सीबी-१ कमी झालेले दिसलेत. सतत कोणी ‘पुरे’ ओरडत असेल तर वाढपी कान बंद करणारच. मग घरच्याचंही ऐकू येत नाही.

इंदूरी_जिरावण:
आणि महिनाभर सोडली की बऱ्यापैकी परत येतात, हेही त्याच स्कॅनमध्ये दिसलंय. ते लिहायचं राहिलं वाटतं. आजोबांचं म्हणाल तर ते फक्त शिवरात्रीलाच घ्यायचे.

रात्रपाळी:
म्हणजे वर्षातून एकदा? मघाशी ‘आयुष्यभर’ होतं.

इंदूरी_जिरावण:
आयुष्यभर, दर शिवरात्रीला. खोटं कुठे आहे?