आईच्या बीपीसाठी समुद्री शेवाळाची कॅप्सूल, द्यावी का?

आई ६१ वर्षांची, बीपीची टेल्मिसार्टन ४० गोळी चालू आहे, बीपी १४०/९० च्या आसपास. मामा कोचीला असतो, त्याने सांगितलं की तिथल्या सीएमएफआरआयने (सरकारी समुद्री मासे संशोधन संस्था) समुद्री शेवाळापासून बीपीची कॅप्सूल काढलीय, झालं, आता आई म्हणते गोळी बंद, हेच घेते, नैसर्गिक आहे ना! थायरॉईडची गोळी पण चालू आहे तिची. कोणी घेतलंय का हे?

गोळीवाला: ताई, माझं मेडिकल आहे. कॅप्सूल खरी आहे, कॅडलमिन एएचई, संस्था पण सरकारी. पण नैसर्गिक म्हणजे औषध नाही असं कुठाय? वाकामेसारख्या शेवाळातलं प्रोटीन तुटून जे छोटे पेप्टाइड होतात ते एसीई नावाचं बीपी वाढवणारं एन्झाइम अडवतात, आणि रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्या पण तेच करतात. अहो त्याच जातीची कॅप्टोप्रिल तर ब्राझीलच्या सापाच्या विषावरून सुचली, ते विष पण नैसर्गिकच की! टेल्मिसार्टन याच साखळीतली पुढची कडी अडवतं. रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन डॉक्टर सहसा एकत्र देत नाहीत, पोटॅशियम वाढतं, किडनीला त्रास. पेप्टाइड गोळीएवढे जोरकस नसतात आणि माणसांवरचे अभ्यास छोटेच आहेत, म्हणून गोळी सोडून हे घेणं तर नकोच.

टोक्योकर: मला थायरॉईडचं वाचून धस्स झालं, शेवाळात आयोडीन असतं आणि ते जास्त झालं की थायरॉईड बिघडू शकतं. आमच्याकडे जपानमध्ये मिसो सूपात वाकामे रोजचंच, पण कोंबू नावाचं जाड शेवाळ असतं त्याच्या एका ग्रॅममध्येच हजार मायक्रोग्रॅमच्या वर आयोडीन निघू शकतं, आणि माणसाला दिवसाला लागतं १५०. कॅप्सूलमध्ये किती असतं ते लेबल बघून डॉक्टरांनाच विचारा. आणि शेवाळ खातात म्हणून जपान्यांना बीपी नसतं हा पण गैरसमज हं, मिसो आणि सोया सॉसमधलं मीठ काय कमी असतं का!

मालवणी_पोर: आमच्या किनाऱ्यावर ढिगाने पडतं हे, कोणी ढुंकून बघत नाही 😄 बाकी उपासाला चायनाग्रासचा हलवा खाता ना, ते पण शेवाळच. त्याने बीपी उतरत नाही, साखरेमुळे वजन मात्र वाढतं.

प्रश्नकर्ती: बापरे, आयोडीनचं डोक्यातच नव्हतं. कॅप्सूल मागवत नाही, सोमवारी डॉक्टरांकडे जातोय तेव्हा टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आणि पोटॅशियम दोन्ही तपासायचं का विचारते. आईला दाखवलं हे सगळं, तर म्हणते मग लोणचं तरी खाऊ दे.

गोळीवाला: लोणचं आधी बंद करा हो 🙏