‘नॉनवोव्हन’ला मराठीत काय म्हणावं?

विट्याहून:
आमचं घर यंत्रमागाचं. परवा दुकानात कापडी पिशवी मागितली, तर नॉनवोव्हनची, म्हणजे न विणता बनवलेली दिली. ना ताणा ना बाणा, त्याला कापड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ‘अविणित’ हा शब्द वाचला होता. पण अविणित तर कागदही असतो आणि चामडंही. काय नाही ते कळलं, काय आहे ते कुठं कळलं?

सांगलीहून:
कागदाशी नातं जवळचंच आहे. टी-बॅगचा कागद बघा. अबाका हे फिलिपिन्समधलं केळीच्या कुळातलं झाड. त्याचे लांब तंतू भरपूर पाण्यात सुटे करून जाळीवर ओततात. पाणी निथळलं की पातळ थर उरतो. उष्णतेनं तोंड बंद करायची पिशवी असेल तर त्यात पॉलीप्रॉपिलिन या प्लास्टिकचे तंतूही मिसळतात. ही रीत कागदाचीच, फक्त तंतू लांब. नॉनवोव्हनच्या आंतरराष्ट्रीय मानकात (आयएसओ 9092), 1988 सालच्या व्याख्येत, कागदापासून ते वेगळं ओळखायला ठरावीक वाटा तंतूंची लांबी जाडीच्या 300 पटींहून जास्त हवी अशी अट होती आणि लाकडाचा लगदा त्यात धरायचा नव्हता. ओल्या वाइप्समध्ये पाण्याच्या बारीक, जोरदार धारांनी तंतू एकमेकांत गुंतवतात. म्हणून मी ‘गुंतीव’ सुचवतो. कोरीव, ओतीव, घडीव, तसंच गुंतीव.

आटपाडीहून:
गुंतीव आवडला. आमच्याकडं मेंढीच्या लोकरीचं जेन (जाड अंथरूण) असतं, तेही मागावरचं नव्हे. लोकर पसरायची, भिजवायची, गुंडाळून दाबत-रगडत राहायचं. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, ते एकमेकांत अडकून बसतात. घोंगडं विणतात, जेन दाबतात. हा फरक आमच्या म्हाताऱ्या माणसांना कुणी शिकवावा लागला नाही. डाळिंबावर घालतो ते क्रॉप कव्हर मात्र गुंतीव वाटत नाही. त्यावर ठिपके दिसतात ते कसले?

सांगलीहून:
ते चिकटवल्याचे ठसे. प्लास्टिकचे दाणे वितळवून बारीक छिद्रांतून धागे ओढतात, चालत्या पट्ट्यावर पसरतात आणि गरम, नक्षीदार रुळांखालून काढतात. ठिपक्यापुरतेच धागे वितळून जुळतात. विट्याच्या दुकानातली ती पिशवीही याच रीतीची, पॉलीप्रॉपिलिनची. राज्याच्या 2018 च्या प्लास्टिकबंदीत ती होती, ती याचमुळं.

विट्याहून:
मग जेन आणि वाइप्स गुंतीव, पिशवी चिकटीव. सगळ्यांना मिळून नॉनवोव्हन राहू दे, बाजारात तो शब्द रुळलाय. पण ‘कापडी’ नको. घेणारा सूत समजून घेतो आणि घरी प्लास्टिक नेतो. दुकानदाराला उद्या हेच सांगणार आहे.