‘स्यूडोहायपॉक्सिया’साठी मराठी प्रतिशब्द : आभासी, छद्म की मिथ्या?

प्रश्न : पेशींतील ऑक्सिजन-संवेदनावरच्या एका लेखाचा अनुवाद करताना ‘स्यूडोहायपॉक्सिया’ (ऑक्सिजन पुरेसा असूनही पेशी तो कमी पडल्यासारखी वागते ती अवस्था) या संज्ञेपाशी अडलो आहे. ‘हायपॉक्सिया’साठी ‘ऑक्सिजन-न्यूनता’ घेतले आहे. ‘अभाव’ टाळला, कारण त्यातून ऑक्सिजन मुळीच नसल्याचा अर्थ निघतो. ‘स्यूडो’साठी मात्र आभासी, छद्म आणि मिथ्या यांपैकी काय निवडावे? मायटोकॉन्ड्रियातील बिघाडामुळे ही अवस्था उद्भवते, असे लेखात म्हटले आहे.

उत्तर : या अवस्थेत नेमके खोटे काय आहे, हे आधी ठरवावे लागेल. ऑक्सिजन-न्यूनतेला पेशीचा प्रतिसाद घडवणाऱ्या एचआयएफ या प्रथिनाचा अल्फा घटक पेशीत सतत तयार होत असतो. ऑक्सिजन पुरेसा असेल तर प्रोलिल हायड्रॉक्सिलेज ही विकरे त्यावर हायड्रॉक्सिल गट बसवतात, ती खूण व्हीएचएल नावाचे दुसरे प्रथिन ओळखते आणि काही मिनिटांतच तो घटक नष्ट केला जातो. ऑक्सिजन कमी पडला की खूण बसत नाही. मग टिकून राहिलेला घटक केंद्रकात जाऊन रक्तवाहिन्यांची वाढ, ग्लुकोजचे विघटन अशा कामांची जनुके कार्यान्वित करतो. विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच संशोधनासाठी.

आता मायटोकॉन्ड्रियाकडे वळू. या विकरांना ऑक्सिजनबरोबरच लोह आणि अल्फा-कीटोग्लुटारेट लागते, आणि अभिक्रियेच्या शेवटी सक्सिनेट तयार होते. अल्फा-कीटोग्लुटारेट व सक्सिनेट हे दोन्ही क्रेब चक्रातलेच, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातील ऊर्जानिर्मितीच्या अभिक्रियाचक्रातलेच, पदार्थ आहेत. सक्सिनेट डीहायड्रोजनेज हे विकर निकामी झाले की सक्सिनेट साचते, मायटोकॉन्ड्रियाबाहेर पडते आणि हायड्रॉक्सिलेजचे काम रोखते. हे २००५ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. फ्युमरेट हायड्रेटेज बिघडल्यास साचणारे फ्युमरेटही असाच अडथळा आणते. सक्सिनेट डीहायड्रोजनेजच्या एका उपघटकाच्या जनुकातील दोष आनुवंशिक पॅरागँग्लिओमा या गाठींच्या मुळाशी असल्याचे २००० मध्येच आढळले होते.

म्हणजे ऑक्सिजन पुरेसा आहे, एचआयएफ खरोखरच साचले आहे आणि जनुकांचा प्रतिसादही खराच आहे. खोटी आहे ती फक्त न्यूनता. या अर्थाला ‘आभासी’ सर्वांत जवळचा होता, पण टाळेबंदीपासून तो शब्द संगणकाच्या पडद्यावरील बैठकांना इतका चिकटला आहे, की वाचक भलतीकडेच जाईल. ‘मिथ्या’ला वेदान्ताचा रंग आहे. ‘छद्म’मध्ये कपटाची छटा आहे हे मान्य, परंतु अमीबाचे ‘छद्मपाद’ शाळेत शिकलेल्या वाचकाला ती खटकणार नाही. म्हणून माझे मत ‘छद्म ऑक्सिजन-न्यूनता’ या शब्दाला.

आणखी एक मत : ‘छद्म’ मलाही मान्य आहे, पण मायटोकॉन्ड्रियाचा प्रत्येक परिणाम या एकाच नावाखाली घालू नये. नायट्रिक ऑक्साइडने पेशीचे श्वसन रोखले, तर बाहेर ऑक्सिजन कमी असतानाही एचआयएफ साचत नाही, असे २००३ मध्ये दिसून आले. कालव्याच्या वरच्या अंगाचा उपसा थांबला की टेलच्या शेतापर्यंत पाणी पोहोचते, तसा मायटोकॉन्ड्रियाने न वापरलेला ऑक्सिजन हायड्रॉक्सिलेजपर्यंत पोहोचतो. येथे आभास कसलाच नाही, कारण विकराला मिळालेला ऑक्सिजन खरा आहे; त्यामुळे ‘ऑक्सिजनचे पुनर्वाटप’ असेच सरळ लिहावे. श्वसनसाखळीतील (मायटोकॉन्ड्रियातील ऑक्सिजन वापरणाऱ्या प्रथिनमालिकेतील) तिसऱ्या संकुलातून निघणारे क्रियाशील ऑक्सिजन रेणू न्यूनतेत एचआयएफला स्थिर करतात, हा तिसरा मुद्दा अजून वादाचा आहे आणि त्यात न्यूनता खरीच असते, तेव्हा ‘छद्म’ तेथेही लागू नाही.

प्रश्नकर्ता : पुनर्वाटपाचा उतारा माझ्या लेखातही आहे आणि तेथे मी ‘छद्म विपुलता’ असा शब्द घडवायला निघालो होतो, तो आता सोडतो. ‘संवेदन’ मात्र ठेवू का? येथे कोणालाच काही जाणवत नाही, एक विकर कच्चा माल असेल तर चालते, नसेल तर थांबते.

उत्तर : ठेवा. रूढ शब्द आहे आणि ‘मापन’ म्हटल्यास आकड्याची अपेक्षा निर्माण होते. फक्त ‘संवेदना’ होऊ देऊ नका. तिचा संबंध थेट शोकसंदेशाशी जोडला जातो.