इटली-ऑस्ट्रियातली जुनी गावं गाडी न घेता बघता येतात का?

खिडकीजवळची_सीट:
सप्टेंबरात मी आणि आई बारा दिवस इटली नि ऑस्ट्रियाला चाललोय. मोठी शहरं फारशी नकोयत, इटलीतली सान जिमिन्यानो, ऑर्व्हिएतो नि ऑस्ट्रियातलं हालश्टाट अशी जुनी गावं आणि आजूबाजूचे मळे, तळी, डोंगर बघायचेत. मला गाडी चालवता येत नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो गाडी भाड्याने घ्या नाहीतर टूरच्या बसने जा, पण टूरवाले दोन तास सोडतात आणि लगेच पळवतात, ते नकोच. आईचे गुडघे दुखतात, चढ झेपत नाही. कोणी खरंच बस-ट्रेनने फिरलंय का?

रानवाट:
हो, दोनदा, आणि परत गेलो तरी तसाच जाईन. इटलीतल्या अशा बऱ्याच जुन्या गावांत गाडी म्हणजे उलट डोक्याला ताप, वेशीच्या आत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे लावलेत, चुकून शिरलात तर दंडाचं पत्र कित्येक महिन्यांनी घरी येतं. ही गावं मुळात टेकडीवर वसलेली आणि रेल्वे खूप नंतर आली ती खालून दरीतून गेली, त्यामुळे स्टेशन खाली नि गाव वर. मधला टप्पा कसा जायचा एवढंच आधी बघून ठेवायचं. ऑर्व्हिएतोला स्टेशनासमोरच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी चढणीवरची छोटी रेल्वे आहे, 1888 ची, तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची, आता विजेवर. काही मिनिटांत वर, तिथून कॅथेड्रलपर्यंत छोटी बस, म्हणजे आईंचा चढ वाचला. सान जिमिन्यानोला ट्रेन जातच नाही, फ्लोरेन्सहून पोज्जीबोन्सीला उतरून बस घ्यायची, अर्ध्या तासात वेशीपाशी. आणि एक रात्र तिथे राहाच! संध्याकाळी टूरच्या बसेस गेल्या की गल्ल्या शांत होतात आणि ते उंच दगडी मनोरे आपल्या एकट्याचे असल्यासारखे वाटतात.

थांबा_क्रमांक_७:
वरचं सगळं पटलं पण वेळापत्रक नीट वाचा हो, तिथेच लोक अडकतात. इटलीत बसच्या वेळेपुढे 'फेरियाले' लिहिलेलं असतं, ऐकायला सुट्टीचा दिवस वाटतो पण अर्थ बरोब्बर उलटा, सोमवार ते शनिवार. रविवार आणि सणाच्या दिवसाला 'फेस्तिवो'. मी एका गावाबाहेर रविवारी अशा फेरियाले बसची दीड तास वाट बघितली, ऊन डोक्यावर, सावलीला एक झाड नाही, शेवटी एक आजी आल्या आणि खांबावरच्या कागदातल्या त्या शब्दावर बोट ठेवून नुसती मान हलवली. 'स्कोलास्तिको' म्हणजे फक्त शाळा चालू असताना, आणि शाळा सप्टेंबरच्या मध्याला उघडतात, म्हणजे तुमच्या तारखांना हे नक्की लागू होणार. बसची तिकिटं बऱ्याचदा तंबाखूच्या दुकानात मिळतात, ती रविवारी बंद असू शकतात, म्हणून येतानाचं तिकीट जातानाच घ्या. प्रादेशिक ट्रेनचं कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड.

रानवाट:
शेवटची बस किती वाजता हे कळायला सकाळी उतरल्या उतरल्या खांबावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवायचा, मोबाईलच्या ॲपवर विसंबायचं नाही. हे राहिलंच होतं.

तळ्याकाठी:
हालश्टाटबद्दल सांगते. तिथलं स्टेशन तळ्याच्या या काठाला आणि गाव समोरच्या काठाला, मध्ये बोट, तिच्या वेळा ट्रेनशी जुळवलेल्या असतात त्यामुळे घाई नको. पण संध्याकाळची शेवटची बोट चुकवू नका. ट्रेनमधून येताना एकदम झाडी संपते आणि पाण्यापलीकडे चर्चचा सुळका दिसतो, बोटीतून तो हळूहळू जवळ येतो, गाडीने गेलात तर हे हुकतं. आईंना सपाट चालणं जमत असेल तर स्टेशनापासून काठाकाठाने ओबरट्राउन गावापर्यंत वाट आहे, तासाभराची, तिथूनच पुढची ट्रेन पकडायची. गाडी उभी करून आलेल्यांना गाडीपाशी परत उलटं चालत यावं लागतं, आपल्याला नाही.

खिडकीजवळची_सीट:
किती छान सांगितलंत सगळ्यांनी! सान जिमिन्यानोला जायचा दिवस रविवारी येत होता, तो हलवला, आता शनिवारी जाऊन तिथेच दोन रात्री राहतोय आणि सोमवारी निघतोय. आईला काठाकाठाच्या वाटेचं वाचून दाखवलं तर तिने चालायचे बूट आजच बाहेर काढलेत.