विकत घेतलेला गेम आपला असतो का? डीएलसी, बॅटल पास आणि महिन्याचं भाडं

कोपरखैरणेकर

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर एज ऑफ एम्पायर्स टू आणि त्याचं कॉन्करर्स एक्सपान्शन, म्हणजे वेगळी विकलेली पुरवणी, सापडलं. डबी फुटलीय, आतल्या कागदावर मी बॉलपेनने सीडी की दोनदा लिहिलीय, कारण पहिल्यांदा एक अक्षर चुकलं होतं. जुन्या पीसीवर टाकली आणि चालली की! कॉन्करर्स २००० सालचं आहे. इतक्या वर्षांनी कोणी लॉगिन विचारलं नाही, कार्ड नंबर मागितला नाही.

आता दुसरी बाजू. मागे एक शूटर गेम पूर्ण किमतीला घेतला, वर पुढच्या कंटेंटसाठी आधीच पैसे भरायचा सीझन पासही घेतला. एकट्याने खेळायच्या मिशनलासुद्धा त्यांचा सर्व्हर लागायचा, आणि कंपनीने तो बंद केला. आता आयकॉनवर क्लिक केलं की लोडिंगचं चाक फिरत राहतं. पैसे गेले ते गेले, पण गेम माझ्या लायब्ररीत दिसतोय आणि मला खेळता येत नाही, हे जास्त लागतं.

माझं म्हणणं एवढंच की जास्तीच्या कंटेंटला पैसे मागितले म्हणून मी चिडत नाही. २००६ मध्ये ऑब्लिव्हियन या गेमने घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकलं तेव्हा लोक खवळले होते. पण विचर थ्री या गेमचं ब्लड अँड वाईन एक्सपान्शन आलं तेव्हा त्याच लोकांनी आनंदाने पैसे मोजले, कारण त्यात तूसाँसारखा अख्खा नवा प्रदेश होता, आणि त्याआधी सोळा छोटी डीएलसी, म्हणजे गेममध्ये नंतर उतरवून घ्यायचा जास्तीचा कंटेंट, कंपनीने फुकट दिली होती. म्हणजे गेमर फुकटे आहेत हे साफ खोटं आहे. पैसे दिल्यावर हातात काय राहतं, माझा प्रश्न तो आहे.

नौपाड्याचा_पोऱ्या

दादा, नाही पटलं. मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, नवीन गेम चार-पाच हजारांना येतो आणि तेवढ्यात आमच्या घराचं लाइट बिल भरून वर पैसे उरतात. गेम पासमुळे, म्हणजे मायक्रोसॉफ्टला महिन्याची वर्गणी भरून, मी वर्षभरात पंचवीस-तीस गेम बघितले, त्यातले अर्धे दोन तासांत सोडून दिले, ते सगळे विकत घेतले असते तर? आमचे आजोबा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासद होते, १८९३ पासूनची संस्था आहे ती. दर महिन्याला वर्गणी भरायचे, पुस्तक आणायचे, वाचून परत द्यायचे. पुस्तक माझं का नाही असं कधी म्हणाले नाहीत. तुमच्याकडे पगार आहे म्हणून मालकीचा विषय निघतो, माझ्यासारख्याला आधी खेळायला तर मिळू दे.

कोपरखैरणेकर

ग्रंथसंग्रहालयाचं उदाहरण चांगलंय, मलाही ते मान्य आहे. भाड्याने घेतलंय हे माहीत असेल तर भांडणच नाही. पण ग्रंथालयवाला माझ्या घरी येऊन मी दुकानातून घेतलेलं पुस्तक उचलून नेत नाही. आणि वर्गणीचंच बोलायचं तर गेम पासचा सगळ्यात वरचा प्लॅन, अल्टिमेट, अमेरिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये १९.९९ डॉलरवरून थेट २९.९९ वर गेला. एका झटक्यात दीडपट. सवय लागेपर्यंत स्वस्त आणि लागली की महाग, हे मला पटत नाही.

ऐरोलीचा_थ्रीडीवाला

मी याच धंद्यात आहे, बाहेरच्या स्टुडिओंचं आर्टचं काम आमच्याकडे येतं, म्हणून थोडं आतून सांगतो. तुम्हाला दुकानात एक बंदूक रंग बदलून विकलेली दिसते. प्रत्यक्षात कन्सेप्ट, हाय पॉली, मग लो पॉली, यूव्ही, टेक्स्चर असे मॉडेल बनवायचे टप्पे असतात, आणि एवढं झाल्यावर क्लायंट म्हणतो की फोनवर कडा तुटतात, परत करा. मागच्या महिन्यात एका शिरस्त्राणाच्या पिसासाठी मी चार दिवस बसलो होतो. या सगळ्यांचा पगार कुठून येणार? मोठ्या गेमची किंमत अमेरिकेत २००५-०६ पासून साधारण २०२० पर्यंत साठ डॉलरच होती, नंतर सत्तर झाली. त्याच काळात टीम केवढ्या वाढल्या! ठाणे-वाशी लोकलमध्ये जी पोरं बीजीएमआय फुकट खेळत उभी असतात, त्यांचा गेम यूसी, म्हणजे त्यातलं चलन, विकत घेणाऱ्यांच्या पैशावर चालतो. हौसेने स्किन (नुसतं दिसणं बदलणारी वस्तू) घेणाऱ्याला कोणी वेड्यात काढू नये.

लूट बॉक्सची बाजू मात्र मी घेणार नाही. आत काय आहे ते न सांगता पैसे घेणं, तेही लहान मुलांकडून, हे वाईटच.

मानपाड्याची_आई

मी गेम खेळत नाही, पण माझा मुलगा बारा वर्षांचा आहे म्हणून लिहितेय. वाढदिवसाला त्याने बॅटल पास मागितला, म्हणजे पैसे भरायचे आणि मुदतीत खेळून लेव्हल वाढवत बक्षिसं मिळवायची, दिला. ड्रेस वगैरे मिळतात म्हणाला, मला वाटलं असतील. दोन महिन्यांनी रात्री दीडला पाणी प्यायला उठले तर पांघरुणाच्या आत उजेड. एक्याण्णव लेव्हल झाली होती, शंभर हव्या होत्या आणि पास सकाळी संपणार होता. दुसऱ्या दिवशी भूगोलाची युनिट टेस्ट. मी ओरडले तर रडवेला होऊन म्हणाला, "आई, पैसे भरलेत ना गं, वाया जातील." खेळायचा त्याला कंटाळा आला होता, डोळे लाल झाले होते, तरी खेळत होता. मुलाला मी खेळायला पैसे दिले होते आणि त्याला ती ड्युटी होऊन बसली.

आणि ते जेम्स, गेममधले पैसे! ड्रेस आठशेचा, पण पॅक पाचशेचा किंवा हजाराचा. हजाराचा घेतला की दोनशे उरतात, ते वाया कसे घालवायचे म्हणून परत पॅक. वाण्याकडे असं चालेल का, की साखर पाऊण किलो हवी तरी एक किलोच घ्या, उरलेली दुकानातच ठेवा आणि ती वापरायची तर अजून विकत घ्या? एक गोष्ट बरी आहे, रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑटोपेचे पैसे कापायच्या चोवीस तास आधी मेसेज येतो. त्यामुळेच दुसरं एक सबस्क्रिप्शन मी वेळेत बंद करू शकले.

नौपाड्याचा_पोऱ्या

काकू, पासच्या तारखेबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पण सगळे तसे नसतात. हेलडायव्हर्स टूमध्ये वॉरबॉन्ड (त्यांचा बॅटल पास) एकदा घेतला की तो संपत नाही, सहा महिन्यांनी परत आलात तरी तिथूनच पुढे. म्हणजे तारीख न टाकताही गेम चालतो. तारीख टाकणं ही कंपनीची निवड आहे आणि ते बदलू शकतात.

तलावपाळी_लॅन

भाडं-भाडं काय चाललंय, आम्ही कॉलेजात असताना सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन काउंटर-स्ट्राइक खेळायचो, ते काय होतं मग? भाडंच होतं. त्यामुळे पोऱ्याचं मला पटतं. पण एक फरक आहे आणि तो मोठा आहे. त्या गेमचा सर्व्हर आम्ही स्वतः लावायचो. कॅफेवाला एक मशीन बाजूला ठेवायचा, मॅप आम्ही निवडायचो, आणि काउंटर-स्ट्राइकची ती १.६ आवृत्ती आजही लोक खेळतात कारण सर्व्हर चालवायच्या फाइल लोकांच्या हातात आहेत. द क्रू बघा, २०१४ चा गाड्यांच्या शर्यतीचा गेम, युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी पैसे देऊन डिस्क घेतली त्यांचाही गेम संपला. त्यावरून रॉस स्कॉटने स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम सुरू केली, युरोपात जुलै २०२५ मध्ये त्यांच्या अर्जाने दहा लाख सह्यांचा आकडा पार केला. त्यांची मागणी साधी आहे, आयुष्यभर सर्व्हर चालवा असं ते म्हणत नाहीत, बंद करताना खेळता येईल अशा अवस्थेत सोडा एवढंच.

ऐरोलीचा_थ्रीडीवाला

सह्या ठीक आहेत, काम एवढं साधं नाही. गाड्यांची नावं, गाणी, सगळ्याचे करार मुदतीचे असतात. सर्व्हरच्या कोडमध्ये दुसऱ्या कंपन्यांकडून घेतलेले तुकडे असतात, ते उचलून लोकांना वाटता येत नाहीत. नवीन गेम पहिल्या दिवसापासून तसा आखला तर जमेल. दहा वर्षं जुन्याला आता फाडून शिवा म्हटलं तर छोटा स्टुडिओ बुडेल. आणि खरं सांगू का, ओरडून कंपन्या बदलत नाहीत.

तलावपाळी_लॅन

बदलतात की! २०१७ चा ईए कंपनीचा स्टार वॉर्सवरचा गेम, बॅटलफ्रंट टू आठव. डार्थ वेडर हे पात्र उघडायला खेळून मिळवायचे साठ हजार क्रेडिट, पोरांनी हिशोब मांडला की चाळीसेक तास जातील. ईएने रेडिटवर खुलासा टाकला, त्याला साडेसहा लाखांच्या वर डाउनव्होट (नापसंतीची मतं) पडले. आधी लागणारे क्रेडिट कमी केले आणि रिलीजच्या तोंडावर खऱ्या पैशाची खरेदीच बंद केली. पुढच्या वर्षी बेल्जियमने पैसे देऊन घ्यायचे लूट बॉक्स जुगारात धरले. ओरडल्यामुळेच झालं.

कोपरखैरणेकर

थ्रीडीवाल्याचं जुन्या गेमबद्दल मी ऐकून घेतो, त्याचं पोट त्यावर आहे आणि तो खोटं बोलत नाहीये. पण मग विकतानाच सांगा ना. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे, जो डिजिटल माल पुढे काढून घेतला जाऊ शकतो तो नुसतं "बाय" म्हणून विकायचा नाही, हे लायसन्स, म्हणजे नुसती वापरायची परवानगी आहे, हे ग्राहकाला स्पष्ट कळलं पाहिजे. आपल्याकडे दुधाच्या पिशवीवर तारीख असते, औषधाच्या पट्टीवर असते. चार हजारांच्या गेमवर "सर्व्हर किमान अमुक सालापर्यंत" एवढी एक ओळ का नको? मी तरी आता आधी हे बघतो की इंटरनेट काढलं तर चालतो का. जीओजी या ऑनलाइन दुकानात जे गेम मिळतात त्यांचा इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवतो. अगदी त्या सीडीसारखा.

ऐरोलीचा_थ्रीडीवाला

तारखेच्या ओळीला माझा पूर्ण पाठिंबा. जुने गेम फुकटात दुरुस्त करून द्या, याला नाही. तिथे मी तुमच्याबरोबर नाही.

मानपाड्याची_आई

तारीख लिहाल तेव्हा शेजारी रुपयांत किंमतही लिहा, जेम्समध्ये नको. मुलगा आठशे जेम्स म्हणतो तेव्हा ते किती रुपये झाले हे त्यालाही कळत नाही.

नौपाड्याचा_पोऱ्या

माझं सबस्क्रिप्शन चालूच राहणार, मला परवडतं ते तेच आहे. फक्त आज एक नोटिफिकेशन आलं, मी जो आरपीजी (मोठ्या गोष्टीचा रोल-प्लेइंग गेम) खेळतोय तो या महिनाअखेरीला लिस्टमधून जातोय. बावन्न तास झालेत आणि गोष्ट अजून अर्ध्यातच आहे, परीक्षा मध्ये आहे. सेव्ह फाइल राहील म्हणतात, पण गेमच नसेल तर तिचं काय करू? ग्रंथालयात निदान पुस्तक परत जाऊन मागता येतं. सेलमध्ये आला तर तो एक विकत घ्यावा म्हणतोय.

कोपरखैरणेकर

घे. फक्त पेजवर "ऑनलाइन कनेक्शन आवश्यक" लिहिलंय का ते आधी वाच.