उंदरांनी माळ्यावरची वायर कुरतडली, आरसीसीबी सारखा पडतो. सुरुवात कुठून करू?

कुपवाडकर
घर कुपवाडला. मागची बाजू कौलारू, खाली पोटमाळा. पुढच्या दोन खोल्यांना पीओपीचं सिलिंग. शेजारचा ऊस तुटल्यापासून उंदरांनी उच्छाद मांडलाय. माळ्यावर पीव्हीसी पाइपाच्या तोंडाशी दोन ठिकाणी वायर कुरतडून तांबं उघडं पडलंय. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) केव्हाही पडतो, हवेत ओल असली की जास्तच. सगळे एमसीबी (एकेका सर्किटचे छोटे ब्रेकर) पाडून ठेवले तरी कधीकधी पडतो, हे कोडं काही सुटत नाही. वायरमन म्हणतो टेप मारू, आरसीसीबी काढून टाकू, कटकट मिटेल. घरात इन्व्हर्टरही आहे. अख्खं वायरिंग बदलावं लागेल का?

मिरजेचा_वायरिंगवाला
आरसीसीबीला हात लावू देऊ नका. तो पडतोय म्हणजे करंट कुठंतरी अर्थकडे गळतोय. तो काढला की गळती तशीच राहते, फक्त कळायची बंद होते.

आता कोडं. घरगुती डीबीत (वीज वाटायच्या पेटीत) एमसीबी बहुतेक सिंगल पोल असतात, म्हणजे फक्त फेज तुटतो. न्यूट्रल लिंकवर (सगळे न्यूट्रल एकत्र जोडायच्या पट्टीवर) जोडलेलाच राहतो. उंदरानं न्यूट्रलची वायर सोलली आणि ती अर्थच्या तारेला किंवा ओल्या भिंतीला टेकली, तर लोड चालू असताना परतीचा करंट अर्थमधूनही वाट काढतो. सगळे एमसीबी पाडले तरी बाहेरच्या लाइनच्या न्यूट्रलवर थोडाफार व्होल्टेज असतोच, तेवढ्यावरही आरसीसीबी पडू शकतो. म्हणून तुमच्याकडे न्यूट्रलचा फॉल्ट असण्याची शक्यता जास्त.

शोधायची पद्धत अशी. आधी मेन बंद, त्यासोबत इन्व्हर्टरही बंद आणि त्याची आउटपुटची वायर डीबीतून काढलेली. मेन पाडला तरी इन्व्हर्टर त्याच वायरीत २३० व्होल्ट सोडत असतो, माळ्यावर शॉक बसतो तो याच भानगडीत. टेस्टर लावून खात्री करा. मग न्यूट्रल लिंकवरून एकेका सर्किटचा न्यूट्रल सोडवा आणि प्रत्येकावर चिकटपट्टीनं नंबर टाका. फेजही एमसीबीतून काढा. एलईडी दिवे, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, टीव्ही, चार्जर सगळं काढून भिंतीवरची बटणं चालू ठेवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरीचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्रानं) फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, फेज-न्यूट्रल असं तपासा. दिवे न काढता मेगर फिरवला तर त्यांचे ड्रायव्हर जाऊ शकतात. १ मेगओहमच्या खाली आलं तर ते सर्किट खराबच. चांगलं वायरिंग याच्या कितीतरी वर दाखवतं, त्यामुळे २-३ मेगओहमवरही खूश होऊ नका, तिथंही कुठंतरी दात लागलेत असं धरा.

अख्खं घर बदलायची गरज नाही. खराब सर्किट सापडलं की एका जंक्शन बॉक्सपासून दुसऱ्या बॉक्सपर्यंतचा पूर्ण तुकडा बदला. पाइपाच्या मध्ये जोड नको. दिवे-पंख्याला १.५ स्क्वेअर एमएम, १६ अँपिअरच्या प्लगला २.५, एसी-गिझरला ४. नवी वायर जुनीला बांधून ओढू नका. कुरतडल्या जागी जुनी तुटते आणि अर्धा तुकडा पाइपात अडकतो. स्टीलची तार सारून ओढा. आणि तोंडाशी दिसतं तेवढंच खाल्लंय असं समजू नका. जुनी वायर बाहेर काढून उजेडात फिरवून बघा, दातांच्या शेजारी-शेजारी दोन-दोन खाचा दिसतात.

ठिणगी
वरचं सगळं बरोबर. पण आरसीसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. उंदरानं फेज आणि न्यूट्रल दोन्ही सोलले आणि त्यांच्यात ठिणगी पडायला लागली, तर करंट अर्थकडे जातच नाही. जेवढा जातो तेवढाच परत येतो, आरसीसीबीला काहीच दिसत नाही. एमसीबीही पूर्ण शॉर्ट झाल्याशिवाय पडत नाही. माळ्यावरच्या सुक्या पाचटाला, जुन्या रद्दीला आग लागते ती अशी. बोर्ड कोमट लागणं, जळका वास, दिवा मिणमिणणं, यातलं काही दिसलं तर ते सर्किट त्याच दिवशी बंद. आणि एमसीबी सारखा पडतो म्हणून १० अँपिअरचा काढून २० चा बसवणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, १.५ च्या वायरीला १० बास.

वळचण
वायर बदलून उंदीर ठेवले तर पुढच्या ऊसतोडीला हेच. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला कुरतडणं लागतंच. वायरीवर एफआर, एफआरएलएस काही लिहिलेलं असो, ते आगीसाठी. दातांचा त्याच्याशी संबंध नाही.

माळ्यावर पळतो तो बहुतेक काळा उंदीर, भिंत आणि वायर दोन्हीवर चढणारा. जोत्याशी माती उकरते ती घूस, तिचा बंदोबस्त वेगळा. अर्ध्या इंचाच्या भोकातून मोठा उंदीर येतो, आणि पाव इंचाहून जरा मोठ्या भोकातून घरातला छोटा उंदीर. म्हणून पाव इंची जाळी लावा, मोठी नको. एसीच्या तांब्याच्या नळीचं भोक, डिशची वायर, मीटरकडून येणारी सर्व्हिस वायर, कौलांची वळचण या जागा आधी बघा. भोकात स्टीलची जाळी कोंबून वर सिमेंट. नुसता स्प्रेचा फोम एका रात्रीत फोडतात. कौलाला टेकलेल्या फांद्या छाटा.

विष माळ्यावर नको. झिंक फॉस्फाइड तर घरात मुळीच नको, ओल लागली की विषारी वायू सुटतो. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो, तोही सिलिंगच्या वर, मग वासानं पीओपी फोडावं लागतं. साधे दाबाचे सापळे भिंतीला काटकोनात, दाबायची बाजू भिंतीकडे. आमिष शेंगदाणा किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. सुरुवातीचे तीन-चार दिवस सापळा न ताणता आमिष खाऊ द्या, मग ताणा.

लेंड्या झाडूनं उडवू नका. हातमोजे, मास्क, ब्लीचचं पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबून पुसून घ्या. वीज बंद असताना, अर्थात.

कुपवाडकर
फारच उपयोगी. माळ्यावर लवचिक लोखंडी पाइप टाकला तर चालेल का? आणि छतावर सोलर बसवायचा विचार आहे, तिथंही खारी आहेत.

मिरजेचा_वायरिंगवाला
लवचिक पाइप पंख्याच्या बॉक्सपर्यंतच्या छोट्या वळणाला ठीक. सरळ लांबीला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप घ्या, आणि तो अर्थला जोडलाच पाहिजे, नाहीतर आत वायर सोलली की अख्खा पाइपच फेज होतो. कापलेल्या तोंडाची धार घासून बुश (तोंडावर बसणारी गुळगुळीत कडी) बसवा. बुश नसेल तर वायर ओढताना पाइपच उंदराचं काम करतो. बॉक्सला झाकण आणि न वापरलेल्या भोकांना बुच लावा, उंदीर तिथूनच आत शिरतात.

सोलरचं वेगळं. उन्हात पॅनेल बंद करता येत नाही, डीसीची ठिणगी एकदा पेटली की आपसूक विझत नाही, आणि घरातला आरसीसीबी त्या बाजूला काही करत नाही. पॅनेलच्या चारी कडांना जाळीची पट्टी क्लिपनं लावून घ्या, फ्रेमला भोकं पाडू नका, वॉरंटी जाते. डीसी केबल छतावर लोळत ठेवू नका. बसवणाऱ्याच्या कोटेशनमध्ये जाळी आणि पाइप लेखी घ्या, नंतर सांगितलं की जादा पैसे मागतात.

ठिणगी
पीओपी लगेच बंद करू नका. नवी वायर, जाळी, मग सापळ्यात काहीच न सापडता दोन आठवडे गेले की परत एकदा मेगर, मगच सिलिंगचं तोंड बंद करा. तपासायला एक फूटभर झाकण ठेवा.